अर्धा ताका

कापड टेबलावर उभं राहिलं, तेव्हाच मला कळलं, काहीतरी चुकलंय.

आठवड्यापूर्वी हेच कापड हातात घेतलं होतं तर ते बोटांमधून पाण्यासारखं ओघळत होतं. नायलॉनची बारीक जाळी, उजेडात धरली तर धुक्यासारखी. आज नानांनी तिची घडी करून टेबलावर ठेवली आणि ती पुठ्ठ्यासारखी ताठ उभी राहिली. नाना म्हणजे माझे सासरे. ते दोन पावलं मागे सरून तिच्याकडे बघत होते, लग्नात मांडवाच्या तोरणाकडे बघावं तसे.

"याला म्हणतात माल," ते माईंना, माझ्या सासूबाईंना, म्हणाले. "मुंबईच्या डॉक्टरच्या हातात जायचाय. लुळापांगळा माल देऊन कसं चालेल?"

मी घडी उचलली आणि नाकाशी नेली. तो वास भिवंडीत कुणाला ओळखायला लागत नाही. आमच्या आळीच्या टोकाला सायझिंग आहे. तिथे सुताला खळ देतात, मक्याचं पीठ आणि चरबी मोठ्या कढईत शिजवून. वारा पडला की तो आंबूस वास घरात येऊन बसतो.

"नाना, याला खळ दिलीत?"

"दिली. बादलीभर आणली ताजी. स्वतःच्या हाताने दिली, दामूलासुद्धा हात लावू दिला नाही. का?"

"हे तुळजाच्या रक्तात जाणार आहे."

"ते तू मला सांगतेस?"

माई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. "कॉलेजात जाऊन हेच शिकलीस का गं? वडीलधाऱ्यांनी केलेल्या कामाला नाक लावून बघायचं?"

त्या दिवशी शुक्रवार होता. भिवंडीत शुक्रवारी माग बंद असतात. एरवी आमच्या घरात कोण कुणाला काय बोललं ते मागच्या कारखान्यातल्या सहा मागांच्या खडखडाटात बुडून जायचं. शुक्रवारी मात्र शेजारच्या ठकुबाई आपल्या ओट्यावर तांदूळ निवडत बसायच्या आणि आमचं सगळं घर ऐकायच्या.

तुळजा माझी मुलगी, चार वर्षांची. तिच्या हृदयाच्या पडद्याला भोक होतं, आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद. चार पावलं पळाली की ती उकिडवी बसायची, गुडघे पोटाशी घेऊन, आणि ओठ जांभळ्याच्या पलीकडे निळे व्हायचे. आधी आम्हाला वाटायचं, खेळते आहे. माईंना वाटायचं, हट्ट करते आहे. मला काय वाटायचं ते मी कुणाला सांगितलं नाही, पण तिच्या ओठांवरची नजर मी काढली नाही. शेवटी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, पण लवकर. तारीख मिळाली ती येत्या सोमवारची. ही चुकली तर पुढची कधी, ते तेही सांगेनात.

तारीख मिळाली आणि एक अडचण निघाली. ती आम्हाला अनंताने सांगितली. अनंता साळवी म्हणजे तिथला हृदय-फुप्फुसाचं यंत्र चालवणारा माणूस. सगळे त्याला पंपवाला म्हणत, आणि तो चिडत नसे, कारण मुळातच चिडलेला असे.

"हृदय उघडायचं तर ते थांबवायला लागतं," त्याने व्हरांड्यात उभ्या उभ्या सांगितलं होतं. "तेवढा वेळ रक्त माझ्या यंत्रातून फिरतं. मी त्यात प्राणवायूचे बुडबुडे सोडतो. प्राणवायू आधी गाळून घेतो, मग रक्तात. रक्त लाल होतं, पण फेसही होतो. परत अंगात जायच्या आधी तो फेस, त्या गुठळ्या, सगळं जाळीत अडकलं पाहिजे. एक बुडबुडा डोक्यात गेला की मूल ऑपरेशनमधून उठत नाही."

"मग अडचण काय?" अवधूतने, माझ्या नवऱ्याने, विचारलं.

"गाळण्या परदेशातून येतात. माल बंदरावर अडकलाय. गाळणीचा पिंजरा मी घरी बनवतो, त्यावर ताणायला जाळी हवी. नायलॉनची, बारीक, छापखानेवाले वापरतात तसली. बाजारात मिळते ती सगळी उसवलेली."

नाना बाकावर बसले होते. ते उठले.

"ती मी विणतो," ते म्हणाले.

हे मात्र खरं होतं. आमचे पाच माग सुती कापडाचे, पण सहाव्यावर नाना हौसेने छापखान्यांसाठी नायलॉनची जाळी विणायचे. त्या जाळीचं घरात कुणाला कधी कौतुक नव्हतं. त्यांनी दुसऱ्याच दिवशी नमुना नेऊन दिला. अनंताने तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाला, "भोकं सारखी आहेत. चालेल. मोठा तुकडा आणा." मग पाठ फिरवता फिरवता म्हणाला, "फार लुळं आहे हो. शिवताना सरकतं. जरा कडक असतं तर बरं झालं असतं."

ते त्याचं जाता जाता बोलणं होतं. नानांनी ते कपाळाला लावून घरी आणलं, आणि आधी उतरवलेल्या जाळीतला उरलेला तेवढाच मोठा तुकडा खळीत घातला.

मी कपाटातून टिंक्चर आयोडीनची बाटली काढली. कॉलेजात वनस्पतिशास्त्राला असताना पानावर, बटाट्यावर आयोडीन टाकून किती वेळा बघितलं होतं, पीठ असेल तिथे निळं होतं. मी नमुन्यातली उरलेली चिंधी आणली, बिनखळीची. टेबलावर दोन्ही शेजारी ठेवली आणि दोन्हींवर थेंब टाकला.

चिंधीवरचा थेंब तांबूस राहिला. ताठ कापडावरचा बघता बघता निळा झाला, मग काळा.

"बघा, नाना."

"औषध जुनं असेल."

"एकाच बाटलीतलं आहे."

"शाई टाकलीस तरी निळं होईल. म्हणून काय कापड वाईट?"

"यात पीठ आहे, चरबी आहे. भोकं बुजली आहेत. जी बुजली नसतील त्यांच्यातून हे पीठ सुटून तिच्या डोक्यात जाईल."

"म्हणजे मी माझ्या नातीला विष घालतोय."

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हटलंस. सगळ्या आळीने ऐकलं." नानांनी उघड्या खिडकीकडे हात केला. पलीकडे ठकुबाईंचं सूप थांबलं होतं. "चाळीस वर्षं माग चालवतोय मी, सूनबाई. ह्या हातांनी खळ दिलेलं कापड माणसं जन्मभर अंगावर घालतात."

"अंगावर घालतात, नाना. अंगात नाही."

माई म्हणाल्या, "बघितलंत? जीभ बघितलीत?"

तेवढ्यात तुळजा दारात येऊन उकिडवी बसली. ती नुसती अंगणातून चालत आली होती. धाप लागली होती आणि ओठ त्या डागाच्या रंगाचे झाले होते.

"नाना," तिने विचारलं, "माझं कापड झालं?"

नानांनी तिला उचललं. "झालं गं माझ्या राणी. एकदम फस्क्लास झालं." आणि तिच्या डोक्यावरून माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या घरातून काही चोरून नेत होते.

अवधूत नगरपालिकेत कारकून. सकाळचं काम आटोपून तो जेवायला घरी आला तेव्हा मी त्याला उंबऱ्यातच अडवलं. त्याने कापड बघितलं, डाग बघितला, बापाचं तोंड बघितलं.

"सुनीती, उद्या तिला ॲडमिट करायचंय. आज हे काढू नकोस."

"मग कधी काढू? मंगळवारी?"

"तो पंपवाला धुऊन घेईल की. त्याला कळत नाही का?"

"त्याला विचारा. आळीतल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन आहे. आत्ता विचारा."

तो न जेवता गेला. त्याबद्दल माईंनी मला दोनदा ऐकवलं. परत आला तेव्हा त्याच्या शर्टाची पाठ भिजली होती.

"तो ओरडला माझ्यावर," अवधूत म्हणाला. "म्हणाला, खळ असेल तर तो तुकडा माझ्या खोलीत आणूसुद्धा नका. त्याच्याकडे दुसरं कापड नाही. बिनखळीचं मिळालं तर आणा, नाही तर सोमवारी ऑपरेशन होणार नाही. तिच्या जागी दुसरं मूल घेतील, ज्याला यंत्र लागत नाही."

नाना उठले. त्यांनी कोपऱ्यातला तांब्याचा हंडा ओढला, चुलीवर चढवला आणि ते ताठ कापड त्यात सोडलं. धोतर वर खोचून ते चुलीपुढे बसले. पाणी उकळलं, फेसाळलं, आणि घरभर तो आंबूस वास सुटला. ते लाकडाने ढवळत राहिले. पाणी फेकलं, दुसरं घेतलं. माई म्हणाल्या, अहो मी करते, तर त्यांच्यावर खेकसले. घामाचे थेंब नाकावरून हंड्यात पडत होते.

दुपार कलल्यावर त्यांनी ते पिळून माझ्यासमोर टाकलं. "टाक तुझं औषध."

मी टाकलं. पहिल्याइतकं काळं झालं नाही, पण निळं झालं. कडांना जास्त. मी कापड खिडकीत धरलं. उकळून नायलॉन आक्रसलं होतं. एके ठिकाणी भोकं दाटून आली होती, एके ठिकाणी वाट्टेल तशी फाकली होती. धुकं राहिलं नव्हतं. चेंगरलेलं कोळिष्टक झालं होतं.

"झालं समाधान?" नाना म्हणाले.

"मागावर आहे ना अजून," मी म्हटलं. "त्याच जाळीचं. विणलेलं. त्याला खळ लागलेली नाही. तेवढं कापून द्या."

नानांनी चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं.

"तो ताका अर्धा आहे," नाना म्हणाले.

"मला वीतभर रुंद आणि हातभर लांब पुरे. ताका नको."

"अर्धा ताका कापत नाहीत."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. ताका म्हणजे मागावर विणलेला कापडाचा एक पुरा गुंडाळा. तो पुरा झाल्याशिवाय आमच्या घरात मागावरून उतरवत नाहीत. गिऱ्हाईक दारात अडून बसलं तरी नाही. बाकीच्या भिवंडीत कोण काय करतं ते मी सांगत नाही. आमच्या घरात नाही. अवधूतला एक मोठी बहीण होती, काशी. ती सहा वर्षांची असताना एका व्यापाऱ्याला घाई होती म्हणून नानांनी अर्धा ताका कापून दिला, आणि त्याच पंधरवड्यात काशी तापाने गेली. तिचा फोटो देवाशेजारी आहे. त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही, पण नवा ताका चढला की नाना त्या फोटोपुढे नारळ ठेवतात.

"नाना," मी शक्य तेवढं हळू म्हटलं, "काशीताई तापाने गेल्या."

माईंनी तोंडाला पदर लावला. नाना उठून उभे राहिले.

"तिचं नाव तू घ्यायचं नाहीस."

"मी घेत नाही. पण तुळजाला त्या तुकड्याची गरज आहे."

"तिच्यासाठीच सांगतोय! सोमवारी पोरीचं काळीज फाडणार आहेत, आणि आज मी घरात अर्धा ताका कापू? तुला आई म्हणायचं का कोण म्हणायचं? तारीख गेली तर जाऊ दे. दुसरी मिळेल. पोर तर राहील."

"तिचे ओठ बघा, नाना. दुसऱ्या तारखेपर्यंत राहणार नाही ती."

"तू अभद्र बोलू नकोस!"

"अवधूत," मी वळले, "तुम्ही सांगा."

अवधूत खाली बघत होता. "बाबांचं मन मोडून..." एवढंच म्हणाला तो.

मी शिलाई मशीनच्या खणातली मोठी कात्री घेतली. कुणाला वाटलं असेल, रागाने आत जाऊन बसणार. मी मागच्या दाराने कारखान्यात गेले.

लग्न होऊन आले त्या दिवसापासून कारखान्यात बायकांनी जायचं नाही असं कुणी मला सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच आली नव्हती. आत सहा माग गप्प उभे होते आणि सगळ्यावर तुसाचा थर होता, केसाळ, पांढरा. दामू, नानांचा जुना कारागीर, पडघ्याकडचा, दुसऱ्या मागाखाली बसून तेल देत होता.

"वयनी? आत कशाला आल्यात?"

"नायलॉनचा माग कोणता?"

"तो, भिंतीकडचा. पन नाना कुटं हायत?"

मी मागापुढे उभी राहिले. विणलेलं कापड जिथे संपतं तिथे पुढे नुसते ताणलेले दोरे होते, शेकडो, सारखे, विणायची वाट बघणारे. कापड खाली रुळावर गुंडाळलेलं. मी बोटाने चाचपलं. लुळं. वास नव्हता.

"वयनी, न्हाय हां," दामू मागाखालून सरपटत बाहेर आला. "अर्धा हाय तो. हात नका लावू. माज्या नावावर येल ते."

"तुमच्या नावावर येणार नाही. तुम्ही बाहेर जा."

"मी बाह्येर जातो नि नानांना हाळी मारतो!"

"मारा."

तो ओरडत गेला. मी कात्री आडवी घातली. ताणलेले दोरे कापताना आवाज येतो हे मला माहीत नव्हतं. प्रत्येक घासाला टक् टक् टक् असे ते सुटत होते आणि मागे उडत होते, आणि अर्ध्यात पोचल्यावर माझा हात थांबला. खरंच थांबला. मला काशीचा फोटो दिसला, तिच्या दोन वेण्या. माझी पदवी, माझं आयोडीन, सगळं त्या क्षणी कुठे होतं कोण जाणे. आता थांबले तरी कापलेलं जुळणार नव्हतं. मी दात आवळून उरलेलं कापलं, रुळावरचं कापड ओढून काढलं, त्यातला मधला स्वच्छ तुकडा कातरला आणि बाकीचं जमिनीवर राहिलं.

मागे वळले तर नाना दारात उभे होते. त्यांच्या मागे अवधूत, त्याच्या मागे माई, आणि कुंपणाशी ठकुबाई.

मला वाटलं होतं ते ओरडतील. ते ओरडले नाहीत. ते मागाकडे बघत होते, जिथे सुटलेले दोरे लोंबत होते.

"आता तिला काही झालं तर तू," ते म्हणाले.

"आणि तुमच्या खळीने झालं असतं तर?"

"ती चूक असती. हे तू जाणूनबुजून केलंस."

मी तुकडा धुतलेल्या पंच्यात गुंडाळला आणि त्यांच्या शेजारून बाहेर आले. त्यांनी अंग चोरून मला वाट दिली, विटाळ व्हावा तशी.

शनिवारी आम्ही तुळजाला हॉस्पिटलात नेलं. निघताना नाना ओट्यावर होते. तुळजाने हात हलवला. त्यांनी तिचा मुका घेतला, तिच्या मुठीत अंगारा दिला आणि माझ्याकडे न बघता आत गेले.

अनंताने पंचा उघडला.

"ही बिनखळीची?"

"आयोडीन आणलंय. माझ्यासमोर टाका."

"बाई, मला शिकवू नका. मी माणसाचं रक्त फिरवतो, तुमच्या घरची चाळणी नाही."

"टाका तरी."

त्याने बाटली हिसकावली, कडेला थेंब टाकला. तांबूस. आम्ही दोघं त्या थेंबाकडे बघत उभे राहिलो, तो बदलायची वाट बघत. बदलला नाही. त्याने ती कड कापून टाकली.

"पहिल्याला खळ द्यायला कुणी सांगितलं होतं?" तो म्हणाला.

"तुम्ही."

"मी?"

"जरा कडक असतं तर बरं, म्हणालात."

"अहो, मी शिवायच्या सोयीचं बोललो! खळ द्या म्हटलं का मी?"

"आमच्या घरात मुंबईच्या माणसाचा शब्द म्हणजे हुकूम असतो. यापुढे जपून बोला."

त्याने जाळीची घडी घातली. मग म्हणाला, "दुहेरी करून शिवतो. आता जा. तुमचं काम बाहेर, बाकावर."

सोमवारी सकाळी तिला नेलं. स्ट्रेचरवर ती एवढीशी दिसत होती आणि नर्सला विचारत होती, "माझं कापड लाल होणार का?" दार मिटलं. अवधूत रक्त देऊन आला होता, दंड धरून बसला. माई माझ्यापासून एक माणूस सोडून बसल्या. नाना आले नव्हते.

"ते कारखान्यात आहेत," माई समोरच्या भिंतीला म्हणाल्या. "काल रात्रीपासून जेवले नाहीत. कुणामुळे ते कुणी विचारू नये."

मी विचारलं नाही.

"पोरीला जर का काही..."

"माई, गप्प बसा."

पाच वर्षांत मी त्यांना असं बोलले नव्हते. अवधूतने मान वर केली. माईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण रागाचं, आणि त्यांनी ते पुसलं नाही, मला दिसावं म्हणून.

त्या दाराकडे बघत मी काय विचार करत होते ते लिहिते. आत तिचं हृदय थांबलेलं असेल. तिचं रक्त नळीतून बाहेर येत असेल, फेसाळत असेल, माझ्या तुकड्यातून गळत असेल. आणि मला ऐकू येत होतं टक् टक् टक्. मी स्वतःला सांगत होते की काशी तापाने गेली. पुन्हा पुन्हा सांगत होते. जे पटलेलं असतं ते एवढ्या वेळा सांगावं लागत नाही.

दार उघडलं ते अनंताने. टोपी काढली होती, कपाळावर तिचा वळ होता. तो आमच्यासमोर थांबला नाही, चालता चालता बोलला.

"पंप बंद केला. तिचं तिचं सुरू झालं."

अवधूत उठायला गेला आणि परत बसला. माईंनी मोठ्याने हंबरडा फोडला. मी अनंताच्या मागे धावले.

"जाळी?"

"काय जाळी?"

"काही अडकलं तिच्यात?"

"अडकायचं ते अडकलं. म्हणून तर पोरगी आहे." मग टोपी खिशात कोंबत, "बघण्यासारखं नसतं ते. जाळायला गेलं."

आम्ही तिला घरी आणलं तेव्हा गणपतीचे दिवस होते आणि सगळे माग जोरात चालू होते. एक सोडून. नाना ओट्यावर उभे होते. तुळजा टॅक्सीतून उतरली, चालली, मग पळाली, अंगण ओलांडून सरळ, आणि मधे उकिडवी बसली नाही. मी श्वास रोखून बघत होते. नानाही.

"नाना, मला चिरलं!" तिने झग्याचा गळा खाली ओढला. "इथून इथपर्यंत. मग शिवलं."

नानांनी तो वण बघितला. बराच वेळ बघितला. मग तिचा हात धरून तिला कारखान्यात नेलं. मी मागे गेले, दारातच उभी राहिले.

भिंतीकडच्या मागावर कापड परत चढवलेलं होतं. सुटलेला एकेक दोरा जमिनीवर राहिलेल्या कापडाच्या कडेला हाताने जोडला होता, बारीक गाठ मारून. मधे मी कातरलेला तुकडा नव्हता, तर त्या दोन बाजू ओढून एकमेकींना शिवल्या होत्या. शेकडो गाठी. दामू माझ्या कानाशी येऊन बोलला, मागांच्या आवाजावर: "सोमवारचं दिसभर बसलं व्हतं. पानी न्हाय का काय न्हाय. मी म्हनलं, मी बांदतो, तर माज्या अंगावर आलं. पोरगी आत हाय तवर जोडून व्हायलाच पायजे, म्हनं."

तुळजाने गाठींवरून बोट फिरवलं. "हे पण शिवलं?"

"हो. पण एक तुकडा कमी पडतो," नाना म्हणाले. "तुझ्या आईला विचार, तो कुठाय. तो मधे बसवला की ताका पुरा होईल."

"आई, नाना विचारतात तुकडा कुठाय."

"सांग त्यांना," मी म्हटलं, "हॉस्पिटलवाल्यांनी जाळला."

तिला सांगावं लागलं नाही. नानांचा हात गाठींवरच थांबला. त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी तो तुकडा दुसऱ्यांदा कापला होता.

"मग हा अपुराच राहिला," ते म्हणाले.

त्या मागाला त्यानंतर हात लागलेला नाही. ना पुढे विणतात, ना उतरवतात. छापखान्याची माणसं येऊन परत गेली. आळीत नाना सांगतात की नातीच्या ऑपरेशनला आमच्या मागाचं कापड वापरलं, मुंबईच्या डॉक्टरांनी नावाजलं. मी शेजारी उभी असले तर विषय बदलतात. माझ्याशी बोलायचं झालं तर तुळजाकडून बोलतात, आणि ती शाळेत असेल तर बोलत नाहीत. माईंनी माझी कात्री कुठेतरी ठेवून दिली आहे. मी ती मागितलेली नाही आणि त्यांनी दिलेली नाही. अवधूत दोघांच्या मधे बसून जेवतो.

तुळजा पळते. भांडते, झाडावर चढते, मधल्या सुट्टीत मार खाऊन आणि देऊन घरी येते. डॉक्टर म्हणतात, आता सहा महिन्यांनी दाखवा. मी रोज सकाळी तिला खिडकीपाशी नेते, ओठ बघते, मग नखं. कुणाला न सांगता बघते.

परवा मी तिला खिडकीत उभी केली तर नाना आधीच तिथे होते. आंघोळ करून, ओल्या पंच्यात. तिचा एक हात त्यांच्या हातात होता आणि ते एकेक नख उजेडात धरून बघत होते, जाळीची भोकं बघावीत तसे. मी दुसरा हात धरला.

"लाल आहेत," मी म्हटलं.

"मी तुला विचारलं नाही," नाना म्हणाले, आणि माझ्या हातातून तिचा तो हातही काढून घेऊन उजेडात धरला.